पुंजाजीच्या हाताची सरासरी

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी जगदेव लोखंडी हाताच्या कोपरात तेल सोडत होता आणि त्याचा बाप रामकिसन गाडीच्या धुरेवर बसून ते पाहत होता. शेलूबाजारच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्या दिवशी हंगामाचा मुहूर्त होता. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर थेट रस्त्यापर्यंत गेली होती आणि रांगेतली पहिली गाडी रामकिसनची होती. त्यासाठी तो धनजहून आदल्या दिवशी सकाळीच निघाला होता. पोराचं यंत्र पहिल्यांदा आपलाच कापूस उचलणार, असं तो गावात सांगून आला होता.

“याले चारा काय लागते?” रामकिसननं विचारलं.

“काई नाई बाबा. इंजिनाच्या पट्ट्यावर चालते. थोडसं तेल लागते.”

“म्हंजे खाते.” रामकिसननं मान डोलावली. “अन् आजारी पडलं तं?”

जगदेवनं कोपरात आणखी दोन थेंब सोडले. आज हात आजारी पडून चालणार नव्हतं. जिनाचे मालक भाऊसिंग यांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की चारचौघांसमोर हातानं नीट काम केलं तर नोकरी कायम. नाहीतर फाटक उघडं आहे. फाटकाबाहेर काय आहे तेही जगदेवला ठाऊक होतं. रामकिसननं गोऱ्ह्यांची नवी जोडी घेतली होती आणि त्यांना वखराची सवय कोण लावणार, हा प्रश्न तो घरात भिंतीकडे बघून वरचेवर विचारत असे. अमरावतीला राहून पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या जगदेवला गोऱ्ह्यांपेक्षा लोखंडी हात शिकवणं सोपं वाटत होतं.

हा हात भाऊसिंगांना मुंबईच्या गोदीतल्या एका लिलावात सापडला होता. ते गेले होते इंजिनाचे सुटे भाग घ्यायला. पण शेजारीच खांद्यापासून पंजापर्यंत धडधाकट असा एक लोखंडी हात पडलेला, आणि त्याच्यावर कोणी बोली लावत नाही, हे पाहून त्यांना राहवलं नाही. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात तो तापलेलं लोखंड उचलायचा म्हणे. हाताच्या मागं एक लाकडी ढोल होता. ढोलाला ओळीनं भोकं आणि भोकांत बसवायला पितळी खुंट्या. ढोल सावकाश फिरे, खुंटी समोर आली की एका दांडीला धक्का देई आणि हात तेवढी एक हालचाल करी. वळ, वाक, पकड, उचल, सोड. ज्या क्रमानं खुंट्या बसवाल त्या क्रमानं हात वागणार. याला जगदेव ‘हाताला पाठ देणं’ म्हणत असे.

पाठ कसा द्यायचा ते शिकायला भाऊसिंगांनी त्याला मुंबईला पाठवलं होतं. तिथला इंजिनीअर कमी बोलणारा माणूस होता. यंत्राला अक्कल नसते, ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, असं त्याचं मत होतं. तेव्हा तुमची अक्कल त्यात घालू नका, एवढंच त्याचं मागणं. “ज्या माणसाचं काम यंत्राला द्यायचं, त्याच्या शेजारी उभे राहा,” तो म्हणायचा. “त्यानं काय करायला हवं ते नका पाहू. तो काय करतो ते पाहा. तेवढंच शिकवा.”

जगदेवनं हे शब्द गुरुमंत्रासारखे घेतले. परत आल्याबरोबर, मागचा हंगाम संपत असताना, तो पुंजाजी मापाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पुंजाजी जिनातला जुना माणूस. तीन वाशांवर टांगलेल्या मोठ्या काट्यावर कापसाच्या गठड्या तोलण्यात त्याची कंबर गेली होती, आणि म्हणूनच मालकांना हात हवा होता. हातानं गठडी उचलून पारड्यात ठेवायची, पुंजाजीनं दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायची आणि आकडा पुकारायचा, अशी वाटणी ठरली होती. पहिल्या तोलाला पुंजाजी कधी ‘एक’ म्हणत नसे. तो ‘लाभ’ म्हणे. मग दोन, मग तीन.

जगदेवनं त्याची एकेक हालचाल वेगळी करून पाहिली. गठडी पारड्यात पडली की काटा हेलकावे खाई. मग पुंजाजी डावा हात पारड्याखाली नेऊन तळव्यानं अलगद आधार देई. काटा लगेच थांबे, पुंजाजी आकडा पुकारी आणि मगच हात काढून घेई. दोलन थांबवण्याची ही साधी युक्ती पाहून जगदेव खूश झाला होता.

“काका, हात खालून काहून लावता?” त्यानं विचारलं होतं.

पुंजाजीनं आधी इकडेतिकडे पाहिलं. “काटा हालते नं बापू. त्याले थांबवा लागते.”

“वरून धरला तरी थांबन की.”

“वरून धरला तं बरकत जाते.”

जगदेवचा बरकतीवर विश्वास नव्हता. शिवाय आकडा वाचण्याआधी हात काढायला हवा, अशी एक शंकाही त्याच्या डोक्यात येऊन गेली. पण ती त्याची स्वतःची अक्कल होती आणि ती यंत्रात घालायची नव्हती. माणूस जे करतो तेच शिकवायचं होतं. एकच अडचण होती. पुंजाजीचा तळवा दर वेळी सारखा वर जात नव्हता. कधी दोन बोटं, कधी तीन, कधी चांगला पाच बोटं. माणसाच्या कामात एवढा फरक असायचाच, असा विचार करून जगदेवनं शास्त्रात असा फरक दिसल्यावर जे करतात ते केलं. त्यानं सरासरी काढली.

पावसाळाभर बंद शेडमध्ये तो खुंट्या बसवत आणि बदलत राहिला. हात आता गठडी धरी, वळे, पारड्यात ठेवी, मग एका लांब खुंटीच्या धक्क्यानं पारड्याखाली जाऊन पंजा उघडी आणि साडेतीन बोटं वर उचली. काटा हलायचा थांबे. तो थांबतो की नाही एवढंच जगदेव पाहत होता. दुसऱ्या पारड्यात वजन टाकून पाहावं असं त्याच्या मनातही आलं नाही. मालक एकदा येऊन हातानं गठडी उचललेली पाहून गेले. पुंजाजी मात्र एकदाही आत फिरकला नाही. आपला हात लोखंडात घालतात म्हणजे आपलं कायतरी वाईट होणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

आता मुहूर्ताची वेळ झाली. या जिनाचा एक रिवाज होता. हंगामाची पहिली गठडी मालकांच्या स्वतःच्या वावरातली असे. गावातले पंच ती आदल्या दिवशी बाहेरच्या काट्यावर बरोबर एक मण तोलून, सुतळीनं शिवून ठेवत. मुहूर्ताला तीच गठडी सगळ्या शेतकऱ्यांसमोर जिनाच्या काट्यावर चढवायची. दोन्ही पारडी सारखी राहिली की जिनाचा काटा खरा ठरला. मग नारळ फुटे आणि गाड्या आत येत. मागच्या मुहूर्ताला जगदेव अमरावतीला परीक्षेचा अभ्यास करत होता. त्यामुळे त्या एका गठडीला पुंजाजी हात लावत नाही, उलट दोन्ही हात मागं बांधून दूर उभा राहतो, हे त्यानं पाहिलेलं नव्हतं.

इंजिन सुरू झालं. पट्टा फिरला, ढोल फिरला. लोखंडी हात वळला, वाकला, हार घातलेली गठडी त्यानं पंजात धरली आणि उचलली. बैल बुजले, माणसं चार पावलं मागं सरली आणि रामकिसननं शेजारच्या माणसाला सांगितलं, की हे माह्या पोरानं शिकवलं. हातानं गठडी पारड्यात ठेवली. पुंजाजीनं एक मणाचं वजन दुसऱ्या पारड्यात टाकलं. हात सावकाश खाली गेला, पारड्याखाली शिरला आणि त्यानं पंजा उघडून पारड्याला अलगद आधार दिला.

पुंजाजीनं तो हात ओळखला. आपलाच हात असा भर उजेडात, हजार डोळ्यांसमोर पाहून तो ‘लाभ’ म्हणायचंच विसरला.

वजनाचं पारडं खाली होतं. गठडीचं वर.

पंचांनी तोललेली, मालकांच्या वावरातली गठडी मालकांच्याच काट्यावर कमी भरली होती. भाऊसिंगांच्या हातातला नारळ हातातच राहिला. त्यांनी काटा रिकामा करायला लावला. रिकामा काटा सरळ होता. गठडी पुन्हा चढवली. लोखंडी हात पुन्हा तितक्याच इमानानं खाली गेला, आणि गठडी पुन्हा कमी भरली. पंचांपैकी एकजण, माझ्या डोळ्यांदेखत मणभर होती, असं ज्याला त्याला सांगू लागला.

रांगेतली दुसरी गाडी सेवालाल नाईकाची होती. बंजाऱ्यांच्या तांड्यातले सगळे तंटे तोडणारा हा माणूस चटकन कोणावर आळ घेत नसे आणि चटकन कोणाला सोडतही नसे. तो पारड्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि खालून पाहू लागला.

“जगदेवभाऊ,” तो म्हणाला, “हा हात खालून कायले लागून राह्यला?”

इतका वेळ घामाघूम झालेल्या जगदेवला हा प्रश्न ऐकून बरं वाटलं. निदान एका माणसानं यंत्रात रस घेतला होता. त्यानं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं.

“त्यानं काटा थांबते, नाईक. पुंजाजीकाका लावते तसाच. म्या त्याइच्याच हातावरून शिकवला. काका कोनाले दोन बोटं लावते, कोनाले तीन, कोनाले पाच. म्हनून म्या सरासरी काढली. आता हा सगळ्याइले साडेतीन लावते.”

बोलणं संपलं. आपण काय बोललो ते जगदेवच्या कानांनी मनापर्यंत न्यायला थोडा वेळ लागला. वस्तूला खालून आधार दिला की तिचं वजन कमी भरतं, हा पदार्थविज्ञानातला अगदी सुरुवातीचा धडा होता. त्या धड्यात तो वर्गात पहिला आला होता.

रामकिसन धुरेवरून खाली उतरला आणि पोराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

“दोन कोनाले?”

“वाड्यावरच्या देशमुखाच्या गाड्याले.”

“अन् आपल्याले?”

जगदेवनं लोखंडी हाताकडे पाहिलं. तिथून काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

“आपल्याले पाच, बाबा.”

“तुनं पायलं?”

“म्या तठीसाच उभा होतो,” जगदेव म्हणाला. “मले लय चांगली युक्ती वाटली.”

गर्दी पुंजाजीकडे वळली. पुंजाजी मालकांकडे पाहू लागला आणि मालक नारळाची शेंडी निरखू लागले. पण भाऊसिंगांनी उभं आयुष्य जिनात काढलं होतं. ते लवकर सावरले. पुंजाजीला कमरेच्या दुखण्यामुळे हात टेकवायची सवय लागली होती, असं त्यांनी जाहीर केलं. मुक्या यंत्रानं ती उचलली, यात कोणाचाच दोष नाही. आणि जगदेवला त्यांनी हुकूम दिला, की ती खुंटी आत्ताच्या आत्ता काढ.

जगदेवनं खुंटी उपटली. गठडी तिसऱ्यांदा चढली. या वेळी हात पारड्याखाली गेला नाही. गठडी ठेवून मुकाट बाजूला झाला. दोन्ही पारडी एका रेषेत आली, इतकी की त्यांच्यावर पाण्याची वाटी ठेवावी. भाऊसिंगांनी सुटकेचा श्वास टाकून नारळ फोडला आणि पहिल्या गाडीला आत बोलावलं.

पहिली गाडी हलली नाही. दुसरीही नाही.

“आता कुठून दाबते?” सेवालालनं विचारलं.

कुठूनच नाही, असं जगदेव म्हणाला.

“मघा खालून दाबत होता ते दिसत होतं. आता काईच दिसत नाई.” सेवालालनं ढोलाकडे बोट केलं. “येवढ्या खुंट्या हाये त्याच्यात. एक काढली. बाकीच्या काय करते ते कोनाले मालूम?”

जगदेवनं समजावलं. ही वळायची, ही वाकायची, ही पकडायची. तो जितकं समजावत गेला तितके लोकांचे चेहरे चिंतेत पडत गेले. एवढ्या बारीक बारीक गोष्टी ज्याला शिकवता येतात त्याला काय शिकवता येणार नाही, असा प्रश्न एका म्हाताऱ्यानं केला. तर मग हात नको, पुंजाजी तोलेल, असं मालक म्हणाले. त्यावर रांगेत पहिल्यांदाच हशा पिकला. शेवटच्या गाड्यांनी बैल जुंपायला सुरुवात केली. मालेगावला जिन होतं, कारंज्याला होतं. भाऊसिंग जगदेवच्या कानाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, की या गाड्या गेल्या तर तूही त्यांतलीच एखादी धर.

जगदेव खुंटी मुठीत धरून उभा होता. खोटं यंत्र चाललं नव्हतं आणि खरं यंत्रही चालत नव्हतं. तिसरा प्रकार त्याला कुठल्या पुस्तकात शिकवलेला नव्हता. गोऱ्ह्यांची जोडी त्याच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली.

“ते खुंटी वापस बसव,” रामकिसन म्हणाला.

“बाबा?”

“बसव मनलं न.”

“अन् कापूस कमी भरला तं?”

“भरू दे. हा हात सगळ्याइले सारखाच दाबते का?”

“सारखाच.”

“देशमुखालेबी?”

“त्याले देशमुख समजत नाई, बाबा. त्याले तुमीबी समजत नाई.”

रामकिसन सेवालालकडे वळला. दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलले. मग सेवालालनं मुहूर्ताची गठडी पुन्हा चढवायला सांगितली. खुंटीसकट. हात खाली गेला, त्यानं पारडं उचललं. सेवालालनं पुंजाजीला बाजूला करून स्वतः वजनं बदलली आणि पारडी सारखी होईपर्यंत बदलत राहिला. दीड शेर कमी. पुन्हा तोलायला लावलं. दीड शेर. वजनं धुऊन, गठडी उलटी करून, हाताकडे पाठ करून तोललं. दीड शेर.

“इमानदार हाये,” सेवालाल म्हणाला. “दिसते तेवढंच दाबते.”

मग ठरलं ते असं. हातानं दर तोलाला सगळ्यांसमोर खालून दाबायचं, पुंजाजीनं आकडा पुकारायचा आणि त्यावर हाताचे दीड शेर पुकारून द्यायचे. भाऊसिंग ऐकतच राहिले. जिच्यात हाती काहीच लागत नाही अशी चोरी त्यांच्या खानदानात कोणी केली नव्हती. पण रांगेच्या शेवटी जुंपलेले बैल पुन्हा सोडले जात होते, पुढच्या गाड्या आत सरकत होत्या, आणि नारळ तर फुटून गेला होता.

रामकिसनची पहिली गठडी चढली. लोखंडी हातानं ती खालून दाबली. पुंजाजीनं ‘लाभ’ म्हणून दीड शेर जोडले. रामकिसन त्याच्या जवळ सरकला.

“पुंजाजी, एक सांग. माह्याच गाड्याले पाच बोटं काहून?”

पुंजाजीनं मान खाली घातली. “तुह्यं पोट्टं अमरावतीले शिकत होतं न गा. मले वाटलं, याच्या घरी लय पैका आला.”

रामकिसननं पोराकडे पाहिलं. त्या शिक्षणाला नेमका किती कापूस लागला, याचा तो मनात अंदाज घेत असावा. मग त्यानं दुसरी गठडी पुढे ढकलली.

जगदेवची नोकरी कायम झाली. पौषात मुंबईचा इंजिनीअर आपल्या शिष्याचं काम पाहायला आला. त्यानं इंजिन पाहिलं, पट्टा पाहिला, हाताची चाल पाहून समाधान मानलं आणि मग ढोलापाशी येऊन थबकला. सगळ्या खुंट्यांमध्ये एकच खुंटी कुंकवानं लाल झाली होती. ही काय करते, असं त्यानं विचारलं, आणि जगदेवनं जे होतं ते सांगितलं.

“म्हणजे आधी वजन चुकवायचं, आणि मग चूक दुरुस्त करून पुकारायचं?” इंजिनीअरचा विश्वास बसेना. “अहो, मग ही खुंटीच नको.” आणि त्यानं ती उपटली.

काट्यावरचा शेतकरी आपल्या गठडीवर आडवा पडला. सेवालाल, जो नुसता गप्पा मारायला आला होता, तो उठून उभा राहिला. रांगेत मागं कोणीतरी बैलांना हाक दिली. एवढ्या माणसांचे डोळे आपल्या दोन बोटांवर का खिळले आहेत, हे इंजिनीअरला समजेना. त्यानं घाबरून जगदेवकडे पाहिलं.

“साहेब, ती आधी जागेवर ठेवा,” जगदेव हळूच म्हणाला.

“पण हे शास्त्राला धरून नाही.”

“माणसानं काय करायला हवं ते पाहू नका, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

इंजिनीअरनं खुंटी मुकाट्यानं भोकात बसवली. त्याच्या बोटांना कुंकू लागलं होतं. ते पुसावं की कपाळाला लावावं, हे न सुचून तो तसाच उभा राहिला. ढोल फिरला. लोखंडी हात पारड्याखाली गेला, सगळ्यांच्या देखत साडेतीन बोटं वर उचलला गेला, आणि आवारानं सोडलेला निःश्वास इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

“लाभ,” पुंजाजीनं पुकारलं. “अन् दीड शेर हाताचे.”